तिठ्यावरचा उतारा

“मान फिरव. उतारा ठेवनाराकडं बघायचं नसतंय.”

सासूबाई जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, पण तिठा जवळ आला की केशरबाईच्या कानात त्यांचा आवाज उठे. आजही उठला. तिची मान आपसूक वळली, तांब्यातले पाणी हिंदकळून पावलावर सांडले. तिने पदराने पाय टिपला आणि तिठा टाळून गोठ्यामागची वाट धरली. उजाडायच्या आत पिंपळाला पाणी घालायचा तिचा नेम होता. बाळंतपण आणि सुतक सोडले तर तो कधी मोडला नव्हता. स्फोट झाल्यापासूनही मोडला नव्हता; वाट तेवढी बदलली होती.

पाणी घालून तिने पाराला हात लावला, डोळे मिटले आणि मागे पाचोळा वाजला.

“कोन हाय?”

“मी हाय गं, कडू. दुसरं कोन असनार या वक्ताला?”

कडूबाई शेणाची पाटी घेऊन उभी होती. केशरबाईने श्वास सोडला. तिचा हात अजून पारावरच होता.

“लय दचकतीस बाई तू. अगं, आज तुजा मान हाय. साहेबाच्या हातानं शाल भेटनार. मला मेलीला या पाटीबिगर डोक्यावर काय पडलं न्हाई आजवर.”

“मला काय करायची शाल, कडू?”

“मंग दे इकडं. मला थंडी वाजायलीय.”

कडूबाई हसत गेली. केशरबाई मात्र तिची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत झाडाला पाठ लावून उभी राहिली.

स्फोट झाला त्या पहाटे तिठ्यावर लाल फडक्यातले गाठोडे होते. वर भाताची मूद, हळद-कुंकू, चिरलेली लिंबे. कुणाच्या तरी घरातली पीडा माणसावरून उतरवून तिथे आणून ठेवलेली असणार. अमावास्येच्या आसपास असे उतारे तिठ्यावर नेहमीच दिसत. त्याला हात लावू नये, ओलांडू नये, हे गावातल्या रांगत्या लेकरालाही ठाऊक. केशरबाई पिंपळाकडून परतली ती तिठ्याच्या अलीकडेच उभी राहिली आणि येईल त्याला सांगत राहिली, “उतारा हाय. कडंनं जा.” दूधवाले कडेने गेले. शाळेची पोरे भिंतीला दप्तरे घासत गेली. तिची नात अपेक्षाही गेली.

सुगत गुरुजी तेवढे कडेने गेले नाहीत. त्यांच्या घरात उतारा मानत नसत. “लेकरं उगंच भ्यायलीत, काकू,” म्हणत त्यांनी शाळेतले घमेले आणले, गाठोडे त्यात घेतले आणि ओढ्याकडे निघाले. भाताच्या मानाने ते जड लागले, म्हणून त्यांनी वाटेत गाठ सैल करून पाहिली. आत तारा होत्या. त्यांनी घमेले ओढ्यात भिरकावले, पण हात मागे घ्यायला सवड मिळाली नाही. उजव्या पंजाची बोटे गेली. जीव वाचला.

त्याच सकाळी दूरच्या दुसऱ्या जिल्ह्यांत, भरल्या बाजारांत अशीच गाठोडी फुटली होती. तिथे माणसे गेली.

गाव त्या दिवशी पळाले नाही. पहिला धूर विरायच्या आत माणसे ओढ्यात उतरली होती. गुरुजींना बाजेवर घालून जीपपर्यंत नेले, परभणीच्या दवाखान्यात रक्त द्यायला टेम्पो भरून पोरे गेली, आणि गुरुजींच्या घरची चूल कुठल्या दिवशी कोणी पेटवायची हे बायकांनी ओट्यावरच ठरवून टाकले. संध्याकाळी बाहेरची काही पोरे मोटारसायकलींवर घोषणा देत आली. गावात ज्यांचा शब्द चाले ते व्यंकटराव वेशीत बाज टाकून बसले होते. सगळे गाव त्यांच्या मागे उभे होते, मुसलमान गल्लीतलेही.

“चहा घ्या अन् माघारी जा,” व्यंकटराव म्हणाले. “आमचं गाव आमी बघून घेतो.”

चहा बिनसाखरेचा होता म्हणूनच पोरे लवकर गेली, असे गाव अजून हसून सांगते. पेपरात मथळा आला, ‘जागरूक गाव’. आणि तालुक्याहून सत्काराचा निरोप आला.

एकच गोष्ट सुटली नव्हती. उताऱ्यातली लिंबे भाजी विकणाऱ्या जब्बारच्या गाड्यावरची होती. आदल्या सांजेला एका अनोळखी माणसाने ती घेतल्याचे जब्बारने स्वतःच सांगितले, आणि पोलीस त्यालाच चौकशीला घेऊन गेले. गावातली मोठी माणसे ठाण्यात जाऊन आली. “त्याचा जिम्मा आमी घेतो,” म्हणाली. तपास चालू आहे, असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून व्यंकटरावांची बाज वेशीतून उठून जब्बारच्या दारात आली. बाहेरच्या कुणाची त्या घराकडे वाकडी नजर नको.

जमादार केशरबाईकडेही येऊन गेला होता.

“मावशी, ठेवणारा माणूस दिसला का?”

“उतारा ठेवनाराकडं बघत नसत्यात, साहेब.”

जमादार इकडचाच होता. त्याने मान डोलावली. त्याच्याही आईने त्याला हेच शिकवले असणार. त्याने पुढे काही विचारले नाही.

ती खोटे बोलली नव्हती. फक्त अर्धे बोलली होती.

त्या पहाटे मान ती फिरवणारच होती. पण शाळेपुढच्या दिव्याखाली तो माणूस गाठोडे ठेवून उठला, चार पावले गेला आणि थांबून त्याने मागे पाहिले. उतारा ठेवणारा मागे पाहत नसतो. पाहिले तर उतरवलेले सगळे त्याच्याच मागे घरी येते, म्हणून घराला आग लागली तरी पाहत नसतो. असे केशरबाईने जन्मात बघितले नव्हते, म्हणून ती बघतच राहिली. तरणा, उजळ चेहरा, भुवईत जुनी खोक. त्याने तिच्या हातातला तांब्या पाहिला, मग तोंडाकडे पाहिले. आणि हसला, गावचा माणूस ओळखीच्या बाईला हसतो तसा.

ती रोज कुठे जाते, कुठल्या वेळी, एकटी जाते, हे आता त्याला माहीत होते.

ऊन ओट्यावर आले तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. दारात सावली पडली तशी सुपातले दाणे सांडले. जब्बारची बायको मेहताबबी होती.

“ये की आत. परक्यावानी दारात कामून उभी?”

“आत येत न्हाई, भाबी. आज तुमच्याकडं पाव्हने येनार.”

“जब्बारभाईचं काय कळलं?”

“ठान्यात डबा घेत्यात. त्यांचं तोंड दाखवत न्हाईत.” मेहताबबी उंबऱ्याशी टेकली आणि सांडलेले दाणे एकेक करून वेचू लागली. “गाव लय करायलंय आमच्यासाठी. मी न्हाई म्हनत न्हाई. व्यंकटराव भाऊ त्या बाजेवर झोपून पाठ मोडून घ्यायलेत. पर गावानं तरी काय करावं? गाव म्हनतंय जब्बार चांगला मानूस हाय. पोलीस म्हनत्यात, मंग वाईट कोन हाय, ते दाखवा.”

केशरबाई पुन्हा पाखडू लागली.

“तुमी रोज पहाटं जाता, भाबी. तुमाला कोनी दिसलंच न्हाई का?”

सूप मांडीवर तसेच राहिले. बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत केशरबाई दाराकडे बघत होती.  वेचलेले दाणे मेहताबबीने सुपात टाकले.

“मेहताब, आज सांगते.”

“काय सांगता?”

“सांगते म्हनलं ना. दिवस मावळायच्या आत सांगते. तुज्यासमोर.”

मेहताबबीने तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले आणि उठली.

“तुमी म्हनल्या म्हंजी झालं.”

आत तिचे यजमान बन्सीधरराव आरशापुढे फेटा बांधत होते. ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणून त्यांनाही दोन शब्द बोलायचे होते. ‘आपल्या गावानं देशाला दाखवून दिलं’ हे वाक्य ते सकाळपासून म्हणून पाहत होते. केशरबाई दाराला धरून उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले. मागे पाहणे, खोक, हसणे. सांगताना तिचा आवाज एवढा बारीक झाला की त्यांना जवळ यावे लागले.

फेट्याचे टोक त्यांच्या हातात राहिले.

“त्यानं तुला बघितलं?”

“व्हय.”

“नीट?”

“आता तुमी बघायलात तसं.”

ते पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, “मंग तू काय बघितलं न्हाई. ऐकलं का? अपेक्षा त्याच शाळंत जाती. निकिता सांजच्याला एकटी रानातून येती. सून हाय आपली, तिचं काय झालं म्हंजी?”

“अन् जब्बारभाई?”

“जब्बार सुटतो. गाव हाय की त्याच्या मागं.”

“आवो, गावाला चेहरा माहीत न्हाई. मला माहीत हाय.”

त्यांनी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या त्यांनी असा हात धरल्याचे तिला आठवत नव्हते. त्यांचा तळवा ओला होता.

“आजचा दिवस जाऊ दे, केशर. गावाचा दिवस हाय. उद्या बघू.”

तिने हात सोडवून घेतला नाही. फेट्याचे दुसरे टोक धरून ती त्यांना फेटा बांधू लागली.

शाळेपुढे मांडव होता. बायकांच्या पहिल्या रांगेत तिला बसवले. शेजारी कडूबाईने धुतलेले लुगडे नेसले होते, तरी शेणाचा वास येतोच बाई, असे स्वतःच म्हणून ती हसत होती. केशरबाई मांडवातले चेहरे बघत होती. खांबाला टेकलेला एक तरुण तिच्याकडे बघून हसला.  त्याने गळ्यातला कॅमेरा उचलला, तेव्हा कुठे तिला कळले की तो पेपरवाला आहे.

आधी सुगत गुरुजींच्या पत्नीचा, राजेश्रीचा सत्कार झाला. गुरुजी अजून दवाखान्यात होते. राजेश्री पायऱ्या चढली तसे कुणीही न सांगता सगळा मांडव उभा राहिला. म्हातारी माणसे काठीवर भार देऊन उठली. कडूबाई डोळे पुसत होती. केशरबाईलाही भरून आले. हे आपले गाव, असे तिला वाटले. असे वाटून तिला बरे वाटले, आणि मग जब्बार आठवला.

साहेब माइकपुढे आले. “या गावानं जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही,” ते म्हणाले. “या गावातली एक साधी माउली तिठ्यावर उभी राहिली आणि तिनं आपली लेकरं वाचवली. या गावाचे डोळे उघडे होते!”

टाळ्या पडल्या. बन्सीधरराव मंचावर होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

केशरबाई उठली. बायकांनी गुडघे आवळून वाट दिली. ती मंचाकडेच निघाली असे सगळ्यांना वाटले. ती कनातीच्या कडेने बाहेर आली, चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि पायात घातल्या. मागे तिचे नाव पुकारले गेले. पुन्हा पुकारले गेले.

गल्ली मोकळी होती. सगळी दारे लावलेली, लोक मांडवात. तिला स्वतःचीच पावले ऐकू येत होती आणि प्रत्येक बोळाच्या तोंडाशी तिचा पाय अडत होता. एका बोळातून शेळी बाहेर आली. केशरबाई भिंतीला हात लावून उभी राहिली, ओठांतल्या ओठांत देवाचे नाव घेतले आणि चालू लागली.

जब्बारच्या दारात व्यंकटराव बाजेवर बसले होते. मांडवात त्यांची खुर्ची राखून ठेवलेली होती. ते गेलेच नव्हते.

“वैनी? सत्कार तिकडं हाय. इकडं मी हाय नुसता.”

“मेहताबला न्यायला आले.”

“कुठं?”

“ठान्यात. जमादाराला सांगायचं राह्यलंय. म्या त्याला बघितलंय, भाऊजी. त्यानंबी मला बघितलंय.”

व्यंकटरावांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. इतके दिवस का बोलला नाहीत, हे त्यांनी विचारले नाही. मेहताबबी दारात येऊन उभी होती. डोक्यावरची ओढणी सारखी करता करता तिचे हात थांबले होते.

“चल, मेहताब,” केशरबाई म्हणाली.

मेहताबबीने दाराला कडी घातली आणि कुलूप लावले. व्यंकटरावांनी वाकून बाजेखालच्या चपला ओढल्या.

“तुमी कामून उठता, भाऊ?” मेहताबबी म्हणाली.

“मंग काय, घरात कोनी न्हाई अन् मी कुलपाला राखीत बसू का?”

त्यांनी बाज भिंतीला उभी केली. मांडवाकडून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या, कुणा दुसऱ्यासाठी. केशरबाई पुढे निघाली. मोटार थांब्यापर्यंत बरेच चालायचे होते आणि ऊन कलले होते.