दादाच्या पुस्तकाची सूची

"तुमची ती यादी झाली का हो?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. यादी किराण्याची असते. पुस्तकाच्या सुरुवातीला असते ती अनुक्रमणिका, अर्थ सांगतो तो कोश, सनावळ्या आणि आकडे ओळीनं मांडलेले असतात ती जंत्री. आणि पुस्तकाच्या शेवटी, कोण कुठल्या पानावर भेटेल ते सांगते ती सूची. मी सूची करते. उभा जन्म त्यात गेला. प्रकाशनातल्या संपादकबाईंना हे कितीदा समजावलं, पण त्यांचं आपलं 'यादी, यादी' चालूच.

त्यांनीच दादाच्या पुस्तकाची पानं माझ्याकडे पाठवली. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. देशोदेशी पूल बांधले, आता आत्मचरित्र लिहिलंय. आमचं आडनाव इतकं सर्रास आढळतं की बाईंना संशयही आला नाही, आणि मीही सांगितलं नाही. दादानं तर माझ्यापाशी पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सूची करणाऱ्यानं पानं पुढची मागची चाळायची नसतात. पहिल्यापासून ओळीनं वाचायचं. माणूस आला, गाव आलं, एखादी वस्तू आली, की नाव आणि पान टिपून चिठ्ठी करायची. हा नियम मी याही वेळी पाळला. पण खोटं कशाला बोलू, वाचत होते ते एकाच गोष्टीसाठी. दादा माझ्याबद्दल काय लिहितो? तो शिकायला परदेशी गेला आणि आई अंथरुणाला खिळली. मी कॉलेज सोडलं. तिची अंघोळ, औषधं, रात्रीची उठबस, सगळं मी केलं, ती जाईपर्यंत. तोवर माझ्या लग्नाचं बोलणं लोकांनी सोडूनही दिलं होतं. कौतुक नको होतं मला. पण हे त्यानं पाहिलं होतं, एवढं कुठेतरी दिसावं असं वाटत होतं. फार मागते का मी?

दादानं घरच्यांना नावानं नाही, नात्यानं लिहिलंय. म्हणून चिठ्ठ्याही तशाच झाल्या: आई, काका, मामी. कुत्र्याची झाली, मेल्याला तीन पानं आहेत. कोपऱ्यावरच्या शिंप्याचीही झाली. आईच्या आजारपणाचं पान आलं. तिथं एवढंच होतं: 'घरचं सगळं नीट चाललं होतं, त्यामुळे मला निर्धास्तपणे शिकता आलं.' पुढचा परिच्छेद वसतिगृहातल्या थंडीवर. मी तशीच वाचत गेले. शेवटचं पान संपलं, मी कुठेच नव्हते.

पुढे काही दिवस मी कुणाशी बोलले नाही. तसंही घरात बोलायला कोण आहे म्हणा. मग एका दुपारी फोन लावला. त्याला आधी वाटलं माझी तब्येत बिघडली. पुस्तक सूचीसाठी माझ्याकडेच आलंय म्हटल्यावर खूश झाला, आवडलं का विचारलं. भाषा छान आहे म्हटलं, आणि ती आहेच. मग लाज गुंडाळून ठेवली.

"दादा, मी कुठेच नाही रे त्यात."

"अगं, तू तर घरातलीच. तुझ्याबद्दल वेगळं काय लिहायचं?"

"एक ओळ घाल. अजून छापायला गेलेलं नाही."

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, हे मान्य करायला हवं. उलट अगदी प्रेमानं म्हणाला, "एवढंच ना? मग तूच लिही की, तुला हवी तशी. मी संपादकबाईंना कळवतो." मग जेवलीस का विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि त्याच्याकडे कुणी आलं म्हणून फोन ठेवला.

मी कागद घेतला. 'माझ्या धाकट्या बहिणीनं' एवढं लिहिलं आणि अडले. 'आईची सेवा केली' हे शोकसभेतलं वाक्य झालं. 'शिक्षण सोडलं' म्हणावं तर तक्रार वाटते. त्या दिवसांतलं माझं मला सगळं पाठ आहे, पण त्याला काय आठवतं ते मला कुठून कळणार? मला ओळ नकोच होती. लिहिताना मी त्याला आठवायला हवी होते, आणि ते काही त्याच्या वतीनं मला करता येईना. मग रडले, चांगली हमसून रडले. बघायला कुणी नव्हतं, तेवढं एक बरं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. लेखकांचा निरोप आहे, तुम्ही एक ओळ देणार आहात, ती कुठल्या पानावर घालायची, असं त्या विचारत होत्या. काही घालायचं नाही, असं मी सांगितलं.

मग सूची शेवटची तपासायला घेतली. 'ब'खाली बर्फ, बस, बाग असा क्रम होता. बस आणि बाग यांच्या मध्ये बहीण आली असती. मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या अक्षरावर गेले.