माघाची शेळी

"माणसाले बसून खायले किती शेळ्या लागतात, सांग पाहू?" बिड्यांचं टोपलं सट्टेदारासमोर ठेवत धुरपतानं विचारलं.

भोजराज सट्टेदार बिड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, मोजत होता. सानगडीच्या अर्ध्या बायका त्याच्याकडून तेंदूपान आणि तंबाखू नेत आणि घरी बसून बिड्या बांधून आणत. त्यातल्या ज्या तो वाईट म्हणून बाजूला काढी, त्यांना छाट म्हणत, आणि छाटाची मजुरी मिळत नसे. धुरपताच्या टोपल्यात छाट शोधायचं मात्र त्यानं दहा वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

"मले काय ठाऊक, मावशी? मले कोणी बसून खाऊ देल्लं काय?"

"बारा," धुरपता म्हणाली. "वर्साचे महिने बारा, तं शेळ्या बारा. एका शेळीनं एक महिना ओढाचा. परवा बारावी भेटली. दिवाळी झाली का बिडी सोडून देईन."

भोजराज हसला. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या दिवाळीत सगळं गावच धुरपताच्या हिशेबाला हसत होतं. पण त्या हिशेबाला एकोणीस वर्षं लागली होती. नवरा गेला तेव्हाच तिच्या ध्यानात आलं होतं, की मास्तरला पेन्शन मिळते, पोस्टमनला मिळते, बिडीवालीला मिळतो खोकला. लेक चंद्रकांता वरठीला दिली होती. जावई भला माणूस, 'आमच्याकडं येऊन राहा' म्हणायचा. पण जावयाच्या घरी सासू आठ दिवस पाहुणी आणि नवव्या दिवसापासून मोलकरीण, हे धुरपतानं दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

म्हणून तिनं एकेक पाठ, म्हणजे तरुण शेळी, घेऊन बटईनं द्यायला सुरुवात केली. शेळी हिची, चारायचं दुसऱ्यानं, पिल्लं निम्मी निम्मी. शेळी दगावली तर नुकसान मालकिणीचं. फक्त राखणारानं तिचा कान आणून दाखवायचा, म्हणजे विकून खाल्ली नाही हे कळे. आपली शेळी ओळखू यावी म्हणून धुरपता पान कापायच्या कात्रीनं तिच्या डाव्या कानाला खाच पाडी. आणि नावं ठेवी ती महिन्यांची. पहिली चैती, मग वैशाखी, अशी ओळ. चंद्रकांताच्या लग्नात चार महिने एकदम विकावे लागले होते, ते पुन्हा उभे करायला सहा वर्षं गेली. बायका पाणवठ्यावर विचारत, "काय वं धुरपता, तुझी आषाढी व्याली का?"

व्याली म्हणजे भागलं. एका शेळीच्या वाट्याच्या पिल्लांत वर्षाकाठी एका महिन्याचे तांदूळ, तेल-मीठ, चहापत्ती आणि वर एखादी खोकल्याची बाटली निघे. ह्याहून जास्त सुख तिनं मागितलं नव्हतं. डोळ्यांपुढं धुकं साचलं होतं, बिड्या आता ती बोटांच्या अंदाजानंच बांधत होती, आणि तिला एकदाचं हात पुसून उन्हात नुसतं बसायचं होतं.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी देवाजी दारात आला. देवाजी म्हणजे रुखमिणीचा नवरा. रुखमिणी आणि धुरपता पंचवीस वर्षं एका पडवीत मांडीला मांडी लावून बिड्या बांधत होत्या. दोन वर्षांपूर्वी रुखमिणीचे डोळे पार गेले आणि ती बिड्या सोडून उठली. अकरावी शेळी, माघी, देवाजीकडेच होती.

त्यानं धोतराच्या सोग्यातून पळसाच्या पानाची पुडी काढली.

"बाई, माघी गेली. बिबट्यानं नेली. नाल्यावर."

"कवा?"

"परवा सांजेले. एवढा कानच भेटला."

धुरपतानं पुडी उलगडली. काळा कान, डावाच, आणि त्याला खाच. तिनं सवयीनं खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो तिथंच थांबला. माघीचा कान तिनं चार वर्षांपूर्वी कापला होता. जुनी खाच भरून येते, कड गुळगुळीत आणि बिनकेसांची होते. ह्या खाचेत केस थेट काठापर्यंत होते आणि कड धारदार होती. मटणवाल्याकडून कुठलासा कान आणून त्याला काल-परवा कोणीतरी खाच पाडली होती, आणि ती सुद्धा वाकडी.

तिला आधी दुःख झालं नाही, संताप आला. पंचांना सांगितलं असतं तर सांजेपर्यंत बैठक बसली असती. शेळी भरून मिळाली असती, देवाजीची चारचौघांत नाचक्की झाली असती, आणि होऊ दे की, असं तिला वाटलं. देवाजी जमिनीकडं बघत होता. आठवडी बाजारात चुकून जास्त आलेले चार आणे परत द्यायला कोसभर मागं गेलेला हा माणूस. जन्मात एकच खोटं बोलायला निघाला होता, आणि तेही त्याला जमत नव्हतं.

"रुखमिणी कशी हाये?" राग गिळायला तिनं काहीतरी विचारलं.

"बरी हाये. भंडाऱ्याले नेलं होतं, डोयाचं आपरेशन केलं. चष्मा देल्ला. दिसून राह्यलं आता तिले."

"अन् पैसा?"

"केला कसा तरी."

माघी कुठं गेली ते धुरपताला कळलं, आणि तिनं कान पुन्हा पानात गुंडाळला. देवाजी गेला.

रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, रुखमिणीसमोरच विचारायचं. सकाळी कान पदराच्या गाठीत बांधून ती तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली. रुखमिणी तांदूळ निवडत होती. जाड भिंगांचा चष्मा कानांना दोऱ्यानं बांधलेला. तिनं मान वर केली आणि टक लावून पाहिलं.

"कोण? धुरपता? अवं, तू एवढी म्हातारी कवा झाली?"

"तू आंधळी होती तवा."

दोघी हसल्या. रुखमिणीनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, आणि बाजारात वांगं पारखावं तशी उलटसुलट बघत राहिली. "मले वाटे, तू तशीच असशीन. काळ्या केसाची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माघी गेली म्हणे वं. ह्यायनं सांगतलं. दोन दिस झाले, धड जेवून नाई राह्यले. माणूस खोटा नाई माहा, तुले ठाऊक हाये. तू शक नोको घेऊ."

गोठ्याच्या दाराशी देवाजी उभा होता. त्याच्या हातातलं दावं हातातच राहिलं होतं. धुरपताची मूठ पदराच्या गाठीवर आवळली गेली.

"शक कायचा?" ती म्हणाली. "कान पाह्यला ना मी. माघीचाच होता."

देवाजी वळून गोठ्यात शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

घरी जाताना बांधाच्या कडेला धुरपतानं तो कान पुरला, आणि तिथंच बसून मनसोक्त रडली. मग नाक पुसून थेट सट्टेदाराकडं गेली.

"भोजराज, माघात पान ठेवजो माह्यासाठी."

"सोडणार होती ना, मावशी?"

"सोडलीच. अकरा महिने शेळ्या ओढतीन. औंदाचा माघ मलेच ओढा लागन."

माघ लागला तशी ती रुखमिणीच्या पडवीत, जुन्या जागी, उन्हात जाऊन बसली. रुखमिणी भिंगांतून एकेक बिडी निरखून सट्टेदारासारखी नाक मुरडे. देवाजीला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो रोज सकाळी पानं भिजवून आणी आणि त्यांवर मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवून बायकांसारखा कापत बसे. रस्त्यानं जाणारे चेष्टा करत, पण तो मान वर करत नसे. कात्री त्याला नीट धरता येत नव्हती. धुरपता प्रत्येक पानाच्या कडेवरून अंगठा फिरवी, आणि वाकडं कापलेलंही मुकाट्यानं आपल्या सुपात ठेवून घेई.