मेणातली गाठ

साखऱ्यापासून कोसभरावरच्या त्या तांड्यावर एके काळी असे एकही घर नव्हते, ज्याच्या उंबऱ्यात उभे राहून रूपाबाईने "पानी तापवा, अन् पुरुषांनी बाहेर व्हा" असे फर्मान सोडले नव्हते. ती तांड्याची सुईण. त्या फर्मानापुढे तांड्याच्या प्रमुखाचे, नायकाचेही चालत नसे. आरसे जडवलेली कांचळी चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि ताठ मान अशा थाटात ती निघाली, की वाटेवरची माणसे आपसूक बाजूला होत. बाळ आईच्या कुशीत गेल्यावरचे शेवटचे काम ती कोणालाही करू देत नसे. बाळामागून पडलेली वार स्वच्छ फडक्यात घ्यायची, तिच्यावर हळद आणि मीठ टाकायचे आणि आपल्या घरामागच्या बाभळीखाली हातभर खोल पुरून वर दगड ठेवायचा. बाईच्या देहातून जे वेगळे होते ते मातीचे, आणि मातीला दिलेले माघारी मागायचे नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नियम होता. रूपाबाईने तो चाळीस वर्षे अक्षरशः पाळला होता आणि इतरांकडूनही पाळून घेतला होता.

पुढे तांड्यावर जीप येऊ लागली, बाळंतपणे सेनगावच्या दवाखान्यात होऊ लागली आणि रूपाबाईच्या हातांना विसावा मिळाला. तरी त्या दिवसांचा विषय निघाला, की तिचा चेहरा अजून उजळतो. एका उन्हाळ्यापाशी मात्र तिची आठवण येऊन थबकते. तो अठ्ठ्याण्णवचा वैशाख होता. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाली नव्हती. पत्रावर जिल्हा परभणी असेच लिहावे लागे.

तिचा मुलगा देविदास प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्याची बायको मिना अडतीस वर्षांची, मितभाषी, कामाला वाघीण. ही मिना हंडा उतरवताना उजवा हात अंगाशी आवळून धरते, हे रूपाबाईच्या नजरेतून फार दिवस सुटले नाही. तिने सुनेला आत बोलावले, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "चोळी सोड."

"काही न्हाई याडी," मिना म्हणाली. आईला तांड्यावर याडीच म्हणतात. "उगं दुखून राहिलं."

"सोड म्हनलं ना!"

कित्येक बायकांचे देह चाचपलेल्या त्या बोटांना गाठ क्षणात सापडली. लिंबाएवढी, टणक, हलवली तरी न हलणारी. रूपाबाईने हात काढून घेतला. "किती दिस झाले?"

"दिवाळीपासून."

"अन् आता सांगतीस? उद्याच्या पयल्या मोटरीनं नांदेड. कोनी काही बोलायचं न्हाई."

नांदेडला शस्त्रक्रिया झाली. रूपाबाई वॉर्डाच्या दाराशी बसून राहिली. आत जे बोलणे झाले, ते तिच्या कानावर आले नाही. डॉक्टरांनी देविदासला मिनाच्या खाटेशीच समजावून सांगितले होते, ती गुंगीत आहे असे समजून. "मास्तर, काखेत पसरलेली नाही, हे मोठं नशीब. आता एक गोष्ट राहिली. काही गाठींच्या पेशींत एक प्रथिन असतं. बाईच्याच अंगातलं संप्रेरक ते धरून ठेवतं आणि त्याच्यावर गाठ पोसते. तुमच्या शेतात पाटाचं पाणी पिकालाही जातं आणि तणालाही, तसंच हे. ते प्रथिन असलं, तर रोज एक गोळी, पाच वर्षं. तणाचं पाणी तुटतं, आणि पुढची आशाही बळकट होते. नसलं, तर गोळी वाया. मग सलाइनमधून जहाल औषधं द्यावी लागतील. ही तपासणी आपल्याकडं होत नाही. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठोकळा देतो, तो मुंबईला पाठवा. आणि सांभाळा, कामाचा तुकडा एवढाच आहे."

प्रयोगशाळेतल्या माणसाने मेणात बसवलेला गाठीचा तुकडा फोटोच्या रिळाच्या काळ्या डबीत घालून दिला. देविदासने मिनाला घरी आणले आणि ती डबी मुलांच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली. त्याचा चुलतभाऊ मोहनसिंग मुंबईला पोलिसात होता आणि लग्नासाठी गावी आला होता. चार दिवसांनी तो परत जाताना डबी घेऊन जाणार होता.

"काय हाय रे त्यात?" रूपाबाईने विचारले.

"मिनाची गाठ हाय, याडी. मेनात बसवलेली. हात नको लावू."

"घरात? फळीवर?"

"मोहन नेणार हाय मुंबईला."

कशासाठी, ते त्याने सांगितले नाही. बायामाणसांना कशाला घोर लावायचा, असा त्याचा समंजस विचार होता. शिकलेल्या माणसांचा हा समंजसपणा कधी कधी अडाण्याच्या खोडीपेक्षा महाग पडतो.

दोन दिवस रूपाबाईचा डोळा त्या फळीवरून हलला नाही. देहाचा तुकडा पाटी-पुस्तकांशेजारी ठेवायचा, मग परक्या शहरात परक्या हाती द्यायचा, आणि इकडे बाईने बरे व्हावे म्हणायचे, हे तिला कदापि पटेना. जोवर तो उघड्यावर फिरतो आहे, तोवर सुनेचे मन आणि देह थाऱ्यावर येणार नाहीत, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना आणि तांडा सावलीला आडवा झालेला असताना, तिने डबी उघडली. आगपेटीच्या निम्म्याएवढा पिवळट ठोकळा निघाला. मेणाच्या पोटात करड्या रंगाचे काहीतरी दिसत होते. तिने तो फडक्यात घेतला, हळद टाकली, मीठ टाकले आणि बाभळीखाली हातभर खोल पुरला. वर दगड ठेवला. रिकामी डबी झाकण लावून होती तिथे ठेवली. त्या दुपारी तिला महिन्याभरात प्रथमच शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी मोहनसिंग आला. भरदार मिशांचा, गडगडून हसणारा गडी. "काकी, मुंबईला काय देता? खरवस बिरवस?"

"गप रे, पोट सुटलंय तुझं."

देविदासने डबी दिली. मोहनसिंगने ती कानाशी नेऊन हलवली. "काय देविदास, हवा भरून पाठवून राहिला का मुंबईला? तिथं काय हवेची कमी हाय?"

झाकण उघडले आणि हसणे जागच्या जागी विरले. देविदासने डबी हिसकावून घेतली. "म्हंजी त्या दवाखान्यातल्या मानसानं मला रिकामी डबी दिली! मी उघडून बी बघितली न्हाई!" तो तसाच सदरा चढवून नांदेड गाठायला सेनगावच्या जीपकडे धावला. मोहनसिंगची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

रूपाबाई ओट्यावर बसून राहिली. एक शब्द पुरेसा होता, पण तो शब्द तिच्या ओठांवर आला नाही. आजवर तिने सर्वांना जाब विचारला होता. तिला कोणी विचारला नव्हता. वर मनाशी ती म्हणत होती, की जे झाले ते भल्यासाठीच झाले.

देविदास दिवस कलण्याच्या सुमारास परतला. पाण्याचा तांब्याही त्याने हाती घेतला नाही.

"तो मानूस शपथा घेऊन राहिला, याडी. म्हनतो, मी सोताच्या हातानं ठोकळा घातला. पन्नाशीचा मानूस, माझ्यासमोर रडला. डाक्टरांनी त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. अन् मिनाचं काय? प्रथिन हाय का न्हाई ते आता कळत न्हाई. गोळी द्यायची का जहर, सगळं अंधारात." आणि जे आठ दिवस पोटात ठेवले होते, ते सारे त्याने तेव्हा आईला सांगितले: पाटाचे पाणी, तण, पाच वर्षांची गोळी.

रूपाबाईने पुरते ऐकून घेतले. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"खुरपं आन," ती म्हणाली.

"काय?"

"खुरपं आन म्हनलं. त्या मानसानं दिलता बराबर. मी पुरला."

देविदासने खुरपे आणून तिच्या पायाशी ठेवले.

घरामागे बाभळीखाली ती पोहोचली, तेव्हा शेजारची रुक्माबाई कुंपणाशी येऊन उभी होतीच. तीन वर्षांपूर्वी वैदूने सांगितले म्हणून या रुक्माबाईला आपल्या नातवाची पुरलेली नाळ उकरून हवी होती, आणि रूपाबाईने तिला चारचौघींत फाडून खाल्ले होते.

"काहून बाई?" रुक्माबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. "मातीला दिलेलं माघारी मागायचं न्हाई ना? आमाला येक कायदा अन् घरच्या मानसांला दुसरा?"

आणखी दोघी-तिघी बायका जमल्या. तांड्यावर बातमीला पाय नसतात, पंख असतात.

"व्हय," रूपाबाई म्हणाली. "माझा कायदा, मीच मोडून राहिले. बघायचं आसल तर जवळ ये, लांबून तुला दिसायचं न्हाई."

देविदासने खुरप्यासाठी हात पुढे केला. तिने दिले नाही. चाळीस वर्षांच्या दगडांमध्ये तो एकच दगड कोणता, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होते? तिने तो सरकवला आणि माती बोटांनी बाजूला करू लागली. खुरप्याचे पाते लागेल या भीतीने शेवटची वीतभर माती तिने नखांनीच उकरली. वरची माती तव्यासारखी तापलेली होती, खालची गार लागली. हळदीने पिवळे झालेले फडके दिसले. मग तिने ते उचलले आणि मांडीवर घेऊन उलगडले.

ठोकळ्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता. मेणाला मिठाचे खडे चिकटले होते. मधला करडा तुकडा जसाच्या तसा होता.

रुक्माबाई कुंपणापलीकडून वाकून बघत होती. तिचा आवाज एकाएकी उतरला. "हाय का गं नीट?"

"हाय."

"चांगलं झालं बाई," रुक्माबाई म्हणाली, आणि पदर सावरून घरात गेली.

रूपाबाईने ठोकळा मुलाच्या हाती दिला. "आधी फोन लाव नांदेडला. चूक माझी, त्या मानसाची न्हाई. मंग मुंबईचं बघ."

देविदास सायकल काढून साखऱ्याच्या फोनवाल्याकडे गेला. रूपाबाई हात धुवायला वळली, तर मागच्या दारात मिना उभी होती. उजव्या बाजूला पदर गच्च ओढलेला. तिने तांब्या कलता केला, सासूच्या हातांवर पाणी घातले आणि हळूच म्हणाली, "मी बघितलं व्हतं, याडी. त्या दुपारी. खिडकीतून."

"बघितलं? अन् नवरा नांदेडला पळाला तरी बोलली न्हाई?"

"डाक्टर बोलले ते बी मला ऐकू आलं व्हतं. मुंबईहून कागद येणार, अन् त्याच्यात लिवलेलं आसणार, किती दिस उरले. मला वाटलं, ऱ्हाऊ द्या मातीतच. कळायलाच नको."

रूपाबाईने ओल्या हातांनी सुनेची हनुवटी वर केली. तिला रागवायचे होते. सवयीने तोंडही उघडले होते. "आपन दोघी बी भित्र्या," ती एवढेच म्हणाली. "पर कागद मी वाचून घेणार. तुझ्या शेजारी बसून."

डबी मोहनसिंगबरोबर गेली. मुंबईहून अहवाल नांदेडला यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सासू-सुनांत जितके बोलणे झाले, तितके आधीच्या अठरा वर्षांत झाले नव्हते. मिना आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल बोले, रूपाबाई आपल्या मेलेल्या पहिल्या मुलीबद्दल. कागदाबद्दल कोणीच बोलत नसे.

नांदेडला गेल्यावर रूपाबाई प्रथम प्रयोगशाळेच्या दाराशी गेली. तो माणूस कामावर होता. डॉक्टरांनी त्याला परत घेतले होते. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, तुमाला माझ्यामुळं बोलनी खावी लागली. माझं चुकलं." तो गडबडून उठला आणि तिला खुर्ची देऊ लागला. हे शब्द तिने आयुष्यात किती जणांना म्हटले असतील? एका हाताची बोटे पुरतील.

डॉक्टरांनी कागद उघडला. मिनाचा हात रूपाबाईच्या हातात होता. कोणी कोणाचा धरला होता, ते सांगता आले नसते.

"प्रथिन आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याचे दोन प्रकार असतात, ते दोन्ही आहेत, आणि भरपूर. गोळी लागू पडेल."

"म्हंजी जगंल?" रूपाबाईने विचारले.

"आजी, तसा शब्द कोणी देऊ नये. पण शंभर बायकांतल्या ज्यांच्याबद्दल मला कमी भीती वाटते, त्यांच्यात तुमची सून आहे."

"पाच वर्सं, रोज?"

"रोज. एक दिवसही चुकवायचा नाही."

"ते माझ्याकडं लागलं," रूपाबाई म्हणाली, आणि गोळ्यांची पाकिटे देविदासच्या हातातून काढून स्वतःच्या ओच्यात घातली.

त्यानंतरची पाच वर्षे रूपाबाईच्या आठवणीत एखाद्या लांबलेल्या सकाळीसारखी आहेत. उजाडले, की ती ओट्यावर येऊन बसे आणि हाक मारी. मिना चूल सोडून येई, शेजारी बसे. एक पांढरी गोळी, तांब्यातले दोन घोट पाणी. मग दोघी थोडा वेळ तशाच बसत. तूर कशी आली, कोणाच्या घरी पाहुणे आले, असे काहीबाही बोलत. गोळीने मिनाच्या अंगातून कधी गरम वाफा येत, मग ती चिडे. "बास झाली आता तुमची गोळी!" रूपाबाई तिला तोंड उघडायला लावून जीभ तपासे. "गिळली का, दाखव. मला फसवनारी आजून जन्मली न्हाई." सण असो, लग्न असो, सुतक असो, गोळी चुकली नाही.

दोन हजार तीनच्या ज्येष्ठात डॉक्टरांनी मिनाला तपासले आणि म्हणाले, "झालं. उद्यापासून गोळी बंद."

"बंद काहून?" रूपाबाई उसळली. "लागू पडली तर बंद काहून करायची?"

"पाच वर्षं पुरली, आजी. तिचं काम झालं."

परतीच्या वाटेवर एसटीत ती रिकामा ओचा चाचपीत होती. मिनाने पुसले, "याडी, राग आला का?" तर तिने सुनेचा पदर सावरून दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता रूपाबाई ओट्यावर आली. द्यायला हातात काही नव्हते, म्हणून तिने हाक मारली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला. मिना पदराला हात पुशीत बाहेर आली, रोजच्या जागी सासूशेजारी टेकली आणि म्हणाली, "औंदा सोयाबीनला पानी कसं ऱ्हाईल म्हनता?"

रूपाबाईने आभाळाकडे पाहिले, आणि ती सांगू लागली. आत चूल विझायला आली, तरी दोघी उठल्या नाहीत.