पुरलेल्या अंजिराचे फावडे

मी एक जुने फावडे आहे, मित्रांनो; सरळ पात्याचे, पायाने दाबून खणायचे. माझे पाते एका बाजूने झिजले आहे, आणि दांड्याला कुणाचा मायेचा हात लागूनही बरीच वर्षे झाली. बोलायची मला सवय नाही. सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका दुकानात मी भिंतीला टेकून उभे होते. गायतानो नावाच्या गवंड्याने मला उचलले, माझ्यावर बूट ठेवून दुकानाच्या फळीवरच दाबून पाहिले आणि त्यापायी दुकानदाराची बोलणी खाल्ली. तो नुकताच इटलीहून आला होता. घरामागच्या परसात त्याने आईने दिलेली अंजिराची फांदी लावली होती.

अंजीर हे उबेतले झाड. तिथला हिवाळा त्याला सोसत नाही. म्हणून दर नोव्हेंबरात, पाने झडली की गायतानो माझ्या पात्याने त्याची एका बाजूची मुळे तोडी, फांद्या दोरीने आवळी आणि अख्खे झाड हळूहळू वाकवून चरात निजवी. वर फळ्या, जुना गालिचा, पाला आणि माती. एप्रिल सरता सरता त्याला पुन्हा उभे करायचे. असे वाकून वाकून त्याच्या बुंध्याला कोपरासारखा बाक आला होता. उन्हाळ्यात पहिले अंजीर पिकले की गायतानो ते माझ्याच पात्यावर ठेवून चिरी. मग मला पुसून तेलाचा बोळा फिरवी. त्या दिवसांत मला कशाचीच ददात नव्हती.

मागच्या गल्लीत नुन्झिओ राहत असे. गायतानोच्या मुलीचा, लोरेटाचा, तो बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता; म्हणून दोघे एकमेकांना 'कुम्पा' म्हणत. नुन्झिओ आपले अंजीर उभेच ठेवी. त्याला गोधड्यांत गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घाली.

"कुम्पा, दरवर्षी ही मयत कशाला काढतोस?" तो कुंपणावरून विचारी. "निदान फुलं तरी आणत जा."

"तुझं बुजगावणं बघ आधी. कावळेसुद्धा हसतात त्याला."

अशी त्यांची चाळीस वर्षांची मैत्री होती.

मग गायतानोच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका उन्हाळ्यात परसात काटेरी वेली माजल्या, गवत कमरेएवढे झाले. अंजीर तेवढे त्याने नोव्हेंबरात कसेबसे पुरले. पुढे जानेवारीत तो बर्फावर घसरला आणि खुब्याचे हाड मोडून दवाखान्यात पडला. लोरेटा दूर ॲरिझोनात राही. येऊन घर बघते, म्हणाली. तिथे एकट्याने राहण्यासारखे दिसले नाही तर घर विकून पप्पांना घेऊन जाईन. गायतानोला जायचे नव्हते. त्याने नुन्झिओला एवढेच सांगितले, "कुम्पा, परस जरा माणसात आण."

मार्च सरत आला होता. नुन्झिओ रोज येई. त्याने वेली उपटल्या, गवत कापले, कुंपण सरळ केले. हातांतून रक्त निघाले तरी थांबला नाही. त्याच्यासारखा मित्र मिळणे कठीण, असे मलाही वाटले. शेवटी मधला मातीचा ढिगारा तेवढा उरला. तो हुबेहूब थडग्यासारखा दिसत होता. आठवडाभर ऊन चांगले पडत होते.

"पोरीला काय थडगं दाखवू?" तो पुटपुटला. त्याने मला हातात घेतले, माती ओढली, फळ्या काढल्या आणि झाड उभे केले.

लोरेटा आली. परस बघून हसली. "काका, तुम्ही तर जादूच केलीत. राहू देत पप्पा इथेच."

पण एप्रिलमध्ये पुन्हा कडाक्याचा गारठा पडला. नुकतेच उमलू लागलेले अंजिराच्या कोंबांचे डोळे काळे पडले, फांद्यांची साल सुरकुतली. नुन्झिओ गोधड्या घेऊन धावत आला, तोवर उशीर झाला होता. "कुम्पाला आता हे कसं दाखवू?" तो पुटपुटला. मग जाऊन रोपवाटिकेतून पुरुषभर उंचीचे अंजीर घेऊन आला आणि माझ्याच पात्याने जुने मुळासकट उकरले. मित्रांनो, मूळ तुटताना त्यातून पांढरा चीक आला. खाली ते जिवंत होते. नुन्झिओनेही तो चीक पाहिला. पण तोवर मूळ निम्मे तुटले होते आणि नवे झाड दारात उभे होते. त्याने पुन्हा माझ्यावर पाय दिला.

मे महिन्यात गायतानो चालायला दिलेली आधाराची चौकट टेकत परसात आला. झाडापाशी येऊन थांबला.

"हे कुणाचं?"

"तुझंच की, कुम्पा. जरा छाटलंय."

गायतानोने बुंध्यावरून हात फिरवला. "हे कधी वाकलेलंच नाही."

मग नुन्झिओने सगळे सांगितले. लवकर काढले ते, गारठा, काळे पडलेले डोळे. गायतानो मान हलवत ऐकत होता. त्याचा हात मित्राच्या खांद्याकडे जातो आहे, असेही मला वाटले.

"आणि मूळ?"

"काढलं."

"सुकलं होतं?"

"नाही, कुम्पा. चीक आला."

"जूनपर्यंत फुटलं असतं," गायतानो म्हणाला. "मला विचारायचं होतंस. फोन होता माझ्या उशाशी." मग चौकट घराकडे वळवत म्हणाला, "जा आता. फाटक ओढून घे."

त्याच आठवड्यात त्याने स्वतःहून लोरेटाला बोलावले. घर विकले गेले. निरोप द्यायला नुन्झिओ कोपऱ्यापर्यंत आला होता म्हणे. गाडी थांबली नाही. नव्या मालकांनी परसात फरशी घातली. तिचे सिमेंट माझ्याच पात्याने कालवले आणि मला न धुताच गॅरेजमागे टाकले. ते आता माझ्या पात्यावर दगड होऊन बसले आहे.

मित्रांनो, अवजार वापरलेत तर धुऊन ठेवा, एवढे मी माझ्यासाठी मागते. बाकीचे तुमच्यासाठी. दुसऱ्याचे परस साफ करायला जरूर जा, पण त्याने मातीखाली काय जपून ठेवले आहे ते त्याला आधी विचारा. आणि हातून काही बिघडलेच, तर तसेच राहू द्या आणि त्याला जाऊन सांगा. खाली मूळ जिवंत आहे की नाही, हे बघण्याचा हक्क त्याचा असतो.