फ्रिजमागचा वस्ताद

काजल लग्न होऊन गेली आणि तिची गुलाबी स्कूटी बेसा गावातल्या माहेरी मागे राहिली. तिच्या आईला, शामलाबाईंना, त्या स्कूटीवरून उमरेडला बहिणीकडे जायचं होतं. तेही कुणाला न विचारता, मनात येईल तेव्हा. चंपतरावांना नेमकं हेच नको होतं. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, घरचं स्टिअरिंग बायकोच्या हाती कसं देईल? पण त्यांना 'नाही' म्हणायची वेळच कधी आली नव्हती. "आरटीओत जा लागते, मोठी रांग असते. नेतो एखाद दिवशी," एवढ्यावर निभावलं होतं.

मग करोना आला. कचेऱ्या बंद पडल्या, आणि पुढे सरकारनं सांगितलं की शिकाऊ लायसनची परीक्षा आता घरूनच, मोबाइलवर द्या. चंपतरावांचा किल्ला न लढताच पडला.

पण गडी हुशार. म्हणाले, "घाबरू नको वं. कॅमेऱ्यात दुसरं तोंड दिसलं नाही पायजे, म्हणून मी फ्रिजमागं बसतो. हळूच उत्तरं सांगतो."

शामलाबाईंनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की चंपतरावांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिला प्रश्न बाईंनी मोठ्यानं वाचला. माणसं रस्ता ओलांडत असतील तर काय कराल?

"हॉर्न मार अन् काढ गाडी," फ्रिजमागून कुजबुज आली.

बाईंनी 'थांबू' दाबलं. बरोबर!

शाळेजवळ?

"जोरात काढ."

बाईंनी 'सावकाश' दाबलं. पुन्हा बरोबर!

"काहून वं, माझं ऐकून नाही राहिली का?"

"ऐकूनच तर राहिली जी," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "तीन उत्तरांतलं एक तुमी सांगता. ते सोडलं की दोनच उरतात."

चंपतरावांनी तोंडाला कुलूप घातलं. आता बघू, मनात म्हणाले. खरंच, बाईंची दोन-तीन उत्तरं धडाधड चुकली. शेवटचा प्रश्न उरला. तो आला तर पास, नाही तर उमरेड दूरच.

शिकाऊ चालकासोबत कोण असावं?

चंपतरावांनी हळूच डोकावून पाहिलं. बाईंचं बोट 'कोणीही नको' या उत्तराकडे चाललं होतं. डेपोत नव्या पोरांच्या बाजूला बसून त्यांना गाडी शिकवण्यात या माणसाची अर्धी नोकरी गेलेली. त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला.

"कोणी नको? अवं, अशानंच माणसं मरतात! लायसनवाला सोबत बसलाच पायजे!"

बोट वळलं. पास!

"हे तर मले पाठच होतं," बाई मोबाइल ठेवत म्हणाल्या.

"मंग बोट तिकडं काहून नेलं?"

"तुमाले चूप बसणं जमते का, ते पाहून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हेल्मेट घातलं आणि चंपतरावांच्या हातात पिशवी दिली.

"हे काहून?"

"उमरेडले. लायसनवाला सोबत बसलाच पायजे म्हणे. चला, मागं बसा."

शेजारची सत्यवती गॅलरीत येऊन उभी राहिली होती. चंपतराव पिशवी छातीशी धरून गुलाबी स्कूटीवर बसले. गल्लीचं वळण यायच्या आधीच त्यांचा उजवा पाय हवेत ब्रेक शोधू लागला.