बाबांचं अक्षर

पुस्तक_फायनल

छापखान्यात पहिली शीट हातात आली आणि वाटलं, मी ती उलटी धरली आहे. सुलटीच होती. मजकूर बाबांचा. अक्षर भलत्याच कुणाचं.

"फॉन्ट सापडला नाही, मशीननं दुसरा घातला," ऑपरेटर म्हणाला. "मी 'ठीक आहे' दाबलं. रोज दाबतो."

"पीडीएफमध्ये होता की."

"नव्हता, ताई. फॉन्टलाच कुलूप आहे. फाइलमध्ये घालायची परवानगी नाही. कुणा कंजूष माणसानं बनवलाय."

तो मी बनवलाय.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हा मी शहरभर हिंडून त्यांच्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर गिरवून फॉन्ट केला. कुणी चोरू नये म्हणून परवानगीपुढे 'नाही' निवडलं. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं बरोबर दिसत होतं. दिसणारच. फॉन्ट तिथे होताच.

पुस्तक_फायनल_खरं

लॅपटॉप उघडला. कुलूप काढलं. फॉन्ट पुन्हा, पीडीएफ पुन्हा. ऑपरेटरनं तपासायला नवं प्रूफ काढलं: 'र'ची ती लांब शेपटी, पोट सुटलेला 'व'. जीव भांड्यात पडला.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. दुसऱ्याच्या पाटीवरची वाकडी वेलांटी त्यांना रस्त्यापलीकडून दिसायची. शिडीवरच्या माणसाला तिथूनच झापायचे. भलत्या अक्षराला ते काय शिव्या घालतात ते मला ऐकायचं होतं. म्हणून दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

डाव्या हाताचं बोट प्रूफवर फिरलं.

"कुणाचं?"

"ओळखा."

"शिकाऊ." शब्द तोंडातून सावकाश निघत होते. "हात बसला नाही अजून."

मग त्यांनी पहिली शीट, मशीनच्या भलत्या अक्षराची, उचलली. बराच वेळ पाहिली.

"हे माझं. बघ कसं सरळ उभंय."

मी हसले. चेहरा न हलवता थट्टा करायची त्यांची सवयच. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले.

आलं नाही. त्यांनी तो कागद घडी न घालता शर्टात, छातीशी सरकवला. प्रूफ मांडीवरून खाली घसरलं. ते वाकले नाहीत.

ते मी उचललं.

पुस्तक_फायनल_

ऑपरेटर दारात आला. "ताई, मशीन थांबलंय. कुठलं चालवू?"

"बाबांचं."

"म्हणजे कुठलं?"