विहिरीची पावडर रस्त्यावर

मित्रांनो, मी एका जुन्या पोत्याच्या तळाशी उरलेली टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर आहे. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यात विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला, तेव्हा मी जन्मले. तुमच्या पुस्तकात मला ऑक्सिडक म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारी. पाण्यातल्या जंतूंना मी तशीच ओरबाडते आणि ते मरतात. कपड्यावरचा डागही मी त्याच जोरावर उडवते. पण हा जोर एकदाच वापरता येतो. तो संपला की उरते नुसती पांढरी भुकटी.

गेल्या वर्षी सारंगखेड्याजवळच्या या गावाने मला विहिरीत टाकलं. पाण्याला आलेल्या माझ्या वासाने बायकांनी नाकं मुरडली, पण कोणी आजारी पडलं नाही. तेव्हा माझं कौतुक झालं.

यंदा तापीचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं. पोरं आजारी पडली, भिकुबाईची नात काजल तर उठेनाशी झाली. आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब पाहणीला येणार होते. सरपंच रतिलालने शिपायाला रस्त्याकडेला माझे पट्टे मारायला सांगितले.

भिकुबाई आडवी आली. "पोरेसले जुलाब लागी ऱ्हायनात, भाऊ. पावडर विहिरमा टाक."

रतिलाल हसला. "सायेब काय विहिरमा वाकीसन देखतीन?"

रस्त्याकडेच्या शेणामातीशी झुंजण्यात माझा जोर वाया गेला. साहेब बाटलीतलं पाणी पिऊन परतले. मग गावाला विहीर आठवली! पण पोत्याचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि दमट हवेने मी निकामी झाले होते. तसंच मला विहिरीत टाकलं आणि पाणी शुद्ध झाल्याचं सांगून रतिलाल मोकळा झाला.

काजलला तिच्या आईसोबत नंदुरबारच्या दवाखान्यात सोडून भिकुबाई परतली. तिने हंडा भरला, वास घेतला. माझा वास नव्हताच. ती तडक ग्रामपंचायतीसमोर गेली आणि तांब्या भरून पुढे केला.

"पे, रतिलाल. शुद्ध शे ना?"

रतिलालने तांब्याला हात लावला नाही. भिकुबाईने अख्खा हंडा माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर ओतला.

काजल अजून सलाईनवर आहे. मित्रांनो, माझ्या पोत्याचं तोंड घट्ट बांधत जा. आणि गावात रस्त्याकडेला पांढरे पट्टे दिसले, तर आधी विहिरीवर जाऊन पाण्याचा वास घ्या.